जिल्ह्याचे दुखणे कोणी सांगावे?



'ग्रामीण जिल्ह्याच्या आरोग्याच्या गरजा आणि त्यांचा अग्रक्रम' हे आजच्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत वाचून काही मंडळींनी घरीच पंख्याखाली बसणे पसंत केले असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. नाव कचेरीतल्या फायलीवर शोभावे असे आहे खरे. परंतु त्या रूक्ष शब्दांच्या आड एक अगदी साधा प्रश्न आहे. पैसा थोडा आहे, माणसे थोडी आहेत, आणि दुखणी पुष्कळ आहेत. अशा वेळी आधी काय करावयाचे, आणि ते ठरवावयाचे कोणी? आम्ही वैद्य नव्हे. मोजदाद आणि आकडे यांच्या नादी लागलेली आम्ही माणसे. तेव्हा औषधांविषयी अधिकाराने काही बोलणे आम्हांस शोभणार नाही. दुखणी मोजली कशी जातात, आणि मोजताना कोण सुटून जाते, एवढ्यापुरतेच आम्ही बोलणार आहोत.

आपल्यापैकी एखाद्याच्या हाती उद्या एका जिल्ह्याची आरोग्याची थैली दिली, असे समजू. तो प्रथम काय करील? सिव्हिल सर्जनला बोलावील आणि विचारील की आपल्याकडे रोगी कशाचे येतात? सिव्हिल सर्जन आपल्या रुग्णालयाचे रजिस्टर पुढे ठेवतील. त्यात ताप इतके, जुलाब इतके, साप चावलेले इतके, बाळंतपणे इतकी, असा हिशेब असेल. त्या हिशेबावरून थैलीची वाटणी होईल. ही रीत इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यात काही उणे आहे हे सहसा ध्यानात येत नाही. पण रजिस्टरात नाव कोणाचे लागते? जो चालत किंवा गाडीत घालून तेथवर पोहोचला त्याचे. जो पोहोचला नाही तो रजिस्टरापुरता निरोगी. ज्या गावाहून रुग्णालय चाळीस मैल आहे आणि मध्ये दोन नद्या आहेत, ते गाव रजिस्टरावरून पाहिले तर जिल्ह्यातले सर्वांत धडधाकट गाव ठरते!

वेल्समधील खाणकामगारांच्या एका खेड्यात दवाखाना चालविणारे डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ह्याच व्यवहाराचा एक नियम मांडला होता. जेथे गरज अधिक तेथे चांगली वैद्यकीय सेवा कमी, आणि जेथे गरज कमी तेथे ती मुबलक, असा त्याचा आशय. वेल्समधील खाणींची खेडी आपल्याला दूरची वाटतील. परंतु आपण आज ज्या सभागृहात बसलो आहोत त्याच्या आसपास हृदयरोगतज्ज्ञांच्या पाट्या किती आहेत ते बाहेर पडताना मोजावे, म्हणजे नियम जवळचा वाटू लागेल.

आता सरकारी रीत पाहू. सरकार रजिस्टरावर विसंबत नाही, ते डोकी मोजते. भोर समितीचा अहवाल १९४६ साली आला, तेव्हापासून प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना आपल्याकडे रुजली. पुढे त्याची मापे ठरली. सपाट प्रदेशात ३०,००० वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० वस्तीमागे एक उपकेंद्र. डोंगराळ व आदिवासी भागात २०,००० मागे केंद्र आणि ३,००० मागे उपकेंद्र. आदिवासी भागाला सवलत दिली आहे, असे हे वाचताना वाटते. आम्ही एकदा कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब मांडून पाहिला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात दर चौरस किलोमीटरला सरासरी ३६५ माणसे राहतात. म्हणजे ३०,००० माणसांचे केंद्र सुमारे ८२ चौरस किलोमीटरांचे. गडचिरोली जिल्ह्यात हेच प्रमाण ७४ माणसांचे. तेथे २०,००० माणसांचे केंद्र सुमारे २७० चौरस किलोमीटरांवर पसरते. सवलत धरूनही तेथल्या आजाऱ्याच्या वाट्याला तिपटीहून अधिक मुलूख आला. त्यात जंगल आले, नाले आले, आणि रस्ता नसला तर पायपीट आली. डोकी मोजली, पावले मोजावयाची राहिली.

गडचिरोलीचे नाव आता घेतलेच आहे, तर आजचे व्याख्यान तेथेच न्यावे असा आमचा विचार आहे. जिल्ह्याचे आरोग्य कसे मोजावे याविषयी ग्रंथ पुष्कळ आहेत, पण मोजणी करणारी माणसे एकाच जिल्ह्यात चार दशके ठाण मांडून बसली आणि आपल्या प्रश्नांची उत्तरे बदलत गेली, असे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे, आणि जगातही अशी उदाहरणे फार नाहीत.

हा जिल्हा १९८२ साली चांद्यातून वेगळा झाला. सुमारे साडेचौदा हजार चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यात तीन-चतुर्थांश जंगल. २०११ साली लोकसंख्या दहा लाख त्र्याहत्तर हजारांच्या घरात, आणि तीत शंभरात सुमारे ३९ आदिवासी. गोंड आणि माडिया त्यांत मुख्य. पश्चिमेला वैनगंगा, दक्षिणेकडे प्राणहिता, गोदावरी, इंद्रावती. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट तुटावयाची, असे वर्षानुवर्षे चालत आले. दक्षिणेकडील तालुक्यांतली वस्ती जिल्ह्याच्या सरासरीहूनही विरळ. त्याच मुलुखात हेमलकशाला बाबा आमटे यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो चालविला, हे आपणांस ठाऊकच आहे. आज आम्ही बोलणार ते जिल्ह्याच्या उत्तर भागात १९८६ साली आलेल्या दुसऱ्या एका दांपत्याच्या कामाविषयी, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेविषयी.

दोघेही नागपूरला वैद्यक शिकलेले, आणि सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात घेऊन आलेले. त्यांचे आरंभीचे एक संशोधन सिकलसेलवर होते. हा रक्ताचा आनुवंशिक रोग. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सांधे ठणकतात, मुले वारंवार आजारी पडतात. जिल्ह्यात तो आहे हे रक्त तपासून सिद्ध झाले. शास्त्राच्या दृष्टीने काम चोख होते. पण लोकांत काही हालचाल होईना. ज्या रोगाचे नाव आपण कधी ऐकले नाही आणि ज्यावर डॉक्टरांपाशी तेव्हा नेमका उतारा नव्हता, त्यासाठी त्यांनी उत्साह का दाखवावा? संशोधनाची ती गरज आमची होती, लोकांची नव्हे, असे पुढे डॉ. अभय बंग यांनीच लिहिले आहे. थोर माणसांच्या आत्मपर लिखाणात अशी वाक्ये विरळा सापडतात, म्हणून आम्ही ते ध्यानात ठेवले.

मात्र यावरून सिकलसेल गरजेचा नव्हताच असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. १९७२ साली जोनाथन ब्रॅडशॉ या इंग्रज अभ्यासकाने गरजेचे चार प्रकार सांगितले. तज्ज्ञ ठरवितो ती गरज. माणसाला आतून वाटते ती. तो उठून मागावयास जातो ती. आणि शेजाऱ्याला मिळते पण ह्याला मिळत नाही, या तुलनेतून दिसते ती. चारही एकत्र आल्या की कोणताही कारभारी शहाणा ठरतो! खरी कसोटी त्या एकमेकींशी भांडतात तेव्हा. सिकलसेलचे पुढे काय झाले पहा. औषधे सुधारली, तपासणी सोपी झाली, आदिवासी समाजांतून मागणी येऊ लागली, आणि २०२३ साली केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. १९८६ साली ज्याचा क्रम खाली लागला त्याचा २०२३ साली वर आला. क्रम लावणे हे दगडावर अक्षरे कोरण्याचे काम नव्हे, दर काही वर्षांनी पाटी पुसून पुन्हा लिहावी लागते.

आता याच्या उलट प्रकार. १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये राणीबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध आला. गडचिरोलीतील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी करून तो लिहिला होता. विषय स्त्रियांच्या खास रोगांचा. शंभरातील ९२ स्त्रियांना असा एक तरी रोग निघाला, आणि सरासरी प्रत्येकीला तीनाहून अधिक. आणि यापूर्वी अशी तपासणी किती जणींची झाली होती? शंभरात आठांची. हे आकडे आम्ही प्रथम वाचले तेव्हा छापण्यात चूक झाली असावी असे वाटले होते. पण चूक नव्हती. तोवर जगभर खेड्यातील स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच अर्थ कारभाऱ्यांच्या मनात असे. ती गरोदर असेल तर तिची नोंद, मुले पुरे झाली असतील तर तिची शस्त्रक्रिया. मधली सगळी वर्षे ती रजिस्टराबाहेर.

ह्या स्त्रियांना आपले दुखणे ठाऊक नव्हते काय? पुष्कळींना ठाऊक होते. अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, अशक्तपणा येतो, हे बायका एकमेकींत बोलत, गावच्या सुईणीशी बोलत. डॉक्टर पुरुष, दवाखान्यात आडोसा नाही, आणि हे दुखणे बोलावयाचे नसते ही लहानपणापासूनची शिकवण. वाटणारी गरज मागणारी गरज होण्यापूर्वी घशातच अडकत होती. विचारणारी स्त्री असली, आधी सुईणींशी ओळख झाली, म्हणजे हेच उत्तर मिळाले. म्हणून लोकांना विचारले की गरजा कळतात, हे बोलणे आम्हांस अर्धवट वाटते. कोणी विचारले, कोठे बसून विचारले, आणि सासू जवळ उभी होती की नव्हती, यावर उत्तर फिरते. असो.

विचारण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तुम्ही रुग्णालयात का येत नाही, असे आदिवासी मंडळींना विचारले, तेव्हा औषधांच्या गुणाविषयी कोणी तक्रार केली नाही. त्यांचे म्हणणे असे की इमारत एवढी मोठी की आत गेले की वाट चुकते. डॉक्टर आणि नर्सा पांढरे कपडे घालून हिंडतात, आणि आम्ही पांढरे कापड मेलेल्या माणसावर घालतो. रोग्याला आत घेतात आणि घरच्यांना बाहेर घालवितात. आणि तेथे आमचा देव नाही. मग पुढे शोधग्रामला रुग्णालय उभे राहिले ते झोपड्यांच्या धर्तीवर, घरच्यांना राहता येईल असे, आणि त्याला नाव मिळाले दंतेश्वरी देवीचे. तिच्या जत्रेला जमणाऱ्या गावोगावच्या लोकांची आरोग्य-संसद भरू लागली, आणि आमच्याकडे आधी काय करा ते तिच्यात सांगितले जाऊ लागले. त्यांनी पहिला नंबर मलेरियाला दिला. ते सांगण्यास सूक्ष्मदर्शक लागला नाही. महाराष्ट्रातील मलेरियात गडचिरोलीचा वाटा मोठा असतो, हे सरकारी आकडेही सांगतात.

लोकांचे उत्तर कित्येकदा डॉक्टरांच्या यादीत बसतच नाही. गडचिरोलीत गावोगाव बायका म्हणू लागल्या की आमचा रोग दारू आहे. वैद्यकाच्या पुस्तकात दारूचे प्रकरण यकृताच्या पानावर असते. ह्या बायकांच्या लेखी ती मजुरीच्या पैशात, मारहाणीत आणि उपाशी पोरांत होती. चळवळ वाढली आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. बंदी झाली म्हणून दारू संपली असे कोणी समजू नये. चोरटी दारू राहिलीच, आणि २०१६ पासून 'मुक्तिपथ' या नावाने व्यसनांविरुद्ध जिल्हाभर पुन्हा मोहीम घ्यावी लागली. बंदीने किती साधले याविषयी मते वेगवेगळी आहेत आणि त्या वादात आज शिरण्याचे कारण नाही. बायकांनी जे उत्तर दिले ते कोणत्याही आरोग्य केंद्राच्या छापील तक्त्यात लिहिण्यास रकाना नव्हता, एवढे मात्र खरे.

असाच अनुभव जामखेडचा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली तेथे गेले, आणि लगोलग दुष्काळ आला. लोकांनी दवाखाना मागितला नाही, पाणी आणि अन्न मागितले. तेव्हा स्वयंपाकघरे चालली, विहिरी आणि हातपंप झाले. त्यात एक खुबी अशी की, पंप बसवावयाच्या जागा दलितवस्तीत निघतील अशी योजना आरोळ्यांनी पाण्याच्या जाणकाराशी संगनमत करून केली. तहान लागली म्हणजे सोवळे सैल पडते. जन्मलेल्या हजारांत १७६ मुले वर्षाच्या आत जात होती, असा त्या भागातला १९७१ चा आकडा सांगतात. तो पुढे झपाट्याने खाली आला, आणि तो खाली आणणाऱ्या माणसांत बहुतेक गावच्याच, पुष्कळशा निरक्षर, स्त्रिया होत्या.

आता आम्ही ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला तिकडे येतो.

गडचिरोलीत बंगांच्या घरी एका पावसाळी संध्याकाळी दोघी बायका एक तान्हे मूल घेऊन आल्या आणि ते मूल तपासता तपासताच गेले, ही हकीगत त्यांनी लिहिली आहे. त्या एका मृत्यूची कारणे त्यांनी एकाखाली एक मांडली तेव्हा ती अठरा झाली. आईचे अर्धपोट, मूल लहानखोरे, संसर्ग, उपचाराऐवजी मांत्रिक, घरात पैसा नाही, भरलेला नाला, वेळेवर नसलेली गाडी, ही त्यांच्याच जातीची. अठराही दूर करावयाची म्हटली तर क्रांतीची वाट पाहावी लागेल. साखळीतली एखादी कडी तुटली तरी मूल वाचते, मग आपल्या हाताने तुटेल अशी कडी कोणती? आमच्या मते अग्रक्रमाच्या शास्त्राचे मर्म या प्रश्नात आहे.

पहिली कडी सापडली ती न्युमोनियाची. गावातल्या लोकांना तो ठाऊक होता, पण त्याचे नाव 'लहाक' किंवा 'डब्बा' असे होते. न्युमोनिया झाला काय, असे विचारीत कोणी गावभर हिंडला असता तर घरोघरी 'नाही' हेच उत्तर मिळाले असते. दुसरी अडचण अशी की तो ओळखावयाचा श्वासांच्या गतीवरून. दोन महिन्यांवरील तान्ह्या मुलाचे श्वास मिनिटाला पन्नास किंवा अधिक, त्याहून लहानाचे साठ किंवा अधिक, तर धोका. आणि गावातल्या सुईणीला मोजता येत होते दहापर्यंत! तेव्हा एक साधन काढले. मिनिटभराचे वाळूचे घड्याळ, आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याआधी शेवटचा मणी सरकला तर औषध सुरू करावयाचे. बालवाडीतल्या पाटीसारखे हे खेळणे. पण १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे, जेथे हे उपचार गावातच सुरू झाले तेथे न्युमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते.

न्युमोनियानंतर दिसू लागले की जी मुले अजून जात होती ती बहुतेक पहिल्या महिन्यातच जात होती. येथे मोजदादीची खरी गंमत आहे, गंमत हा शब्द वाईट अर्थाने. हजार वस्तीचे एक गाव घ्या. तेथे वर्षाला पंचवीसएक मुले जन्मतात असे धरू. त्या काळी गडचिरोलीच्या त्या गावांत जिवंत जन्मलेल्या हजारांत साठांच्या आसपास मुले महिन्याच्या आत जात. म्हणजे ह्या गावात वर्षाला एक किंवा दोन. एका वर्षी दोन, पुढच्या वर्षी एक, एखाद्या वर्षी एकही नाही. गावाला यात काही विशेष दिसत नाही. घरच्यांना दुःख होते, पण ते दैवाचे. आरोग्य-सेवक पंधरवड्यातून एकदा येतो तेव्हा झोळी रिकामी असते आणि कोणी बोलत नाही. नाव ठेवण्याआधी गेलेल्या मुलाची नोंद काय करावयाची? आणि झालीच तर पुष्कळदा 'मृत जन्मले' अशी होते, म्हणजे जन्मही नाही आणि मृत्यूही नाही. आता हीच गावे एक हजार एकत्र करा. दहा लाख वस्ती, पंचवीस हजार जन्म, पंधराशे तान्ही मुले. कॉलऱ्याने पंधराशे माणसे एका वर्षात गेली असती तर विधानसभा बंद पडली असती!

म्हणून १९९५–९६ साली त्यांनी घरोघरी जन्मणारी मुले पहिल्या दिवसापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत डोळ्यांखाली ठेवली. अशी ७६३ मुले पाहिली. अर्ध्याहून अधिक मुलांना वैद्यकीय मदतीची गरज पडली. ती मिळाली शंभरात तिघांनाही नाही, आणि रुग्णालयात दाखल झाली ती दोनशेंत एक. मघाशी म्हटले त्या सिव्हिल सर्जनच्या रजिस्टराशी हे ताडून पहावे. रजिस्टर खोटे नव्हते. दोनशेंतले एक मूल त्यात बरोबर टिपलेले होते.

मग ३९ गावांत, थोडेफार शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविले. बाळंतपणाला हजर राहणे, मूल रडले नाही तर श्वास देणे, वजन करणे, ऊब राखणे, दूध ओढते की नाही पाहणे, आणि रक्तात संसर्ग झाल्याची खूण दिसली तर जंतुनाशकाची सुई घरातच टोचणे. ह्या शेवटच्या गोष्टीवर मोठा गहजब झाला. पाचवी-सातवी झालेल्या बाईच्या हाती तान्ह्या मुलासाठी सुई देता? आक्षेप पोरकट नव्हता. चुकले असते तर मूल गेले असते. परंतु आक्षेप घेणाऱ्यांपाशी दुसरी योजना काय होती, तर मुलाला रुग्णालयात न्यावे. न्यावे हे क्रियापद सोपे आहे. कर्ता, वाहन आणि रस्ता त्यात गृहीत आहेत. १९९९ च्या डिसेंबरात जो निबंध आला त्यातल्या आकड्यांप्रमाणे, तिसऱ्या वर्षी ह्या गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी साठांच्या आसपासवरून २५ वर आले होते. शेजारच्या तुलनेच्या ४७ गावांत ते साठाच्याच घरात राहिले. त्या गावांशी तुलना करता घट शेकडा ६२. २०११ साली घरी जाऊन नवजाताची काळजी घेण्याची ही पद्धत 'आशा' कार्यकर्तींमार्फत देशभर नेण्याचे केंद्र सरकारने ठरविले. सुईचा भाग मात्र सर्वत्र त्या स्वरूपात गेला नाही, हेही सांगितले पाहिजे.

मध्यंतरी २००१ साली महाराष्ट्रातील तेरा संस्थांनी मिळून 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. गडचिरोलीबाहेर, नागरवस्तीत आणि ग्रामीण भागातही, बालमृत्यू सरकारदरबारी नोंदले जातात त्याहून कितीतरी अधिक होतात, हे त्याचे सांगणे. विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत त्यावर बरीच धूळ उडाली. कर्मचाऱ्यांना दटावून मृत्यू नोंदवा म्हटले तर नोंदी वाढतात आणि वाढल्या की त्याच कर्मचाऱ्याला जाब द्यावा लागतो. अशा व्यवस्थेत मृत्यू लपविणारा लबाड असतोच असे नाही, तो नोकरी सांभाळत असतो.

येथपर्यंत ऐकून कोणास वाटेल की जंगलातील जिल्ह्याच्या गरजा म्हणजे तान्ही मुले, बाळंतिणी आणि मलेरिया. आम्हांसही तसेच वाटत होते. २०११ ते २०१३ अशी दोन वर्षे गडचिरोलीच्या ८६ गावांत झालेल्या प्रत्येक मृत्यूची चौकशी घरच्यांना विचारून झाली, आणि सर्वांत जास्त माणसे कशाने गेली असे निघाले? पक्षाघाताने. सुमारे सात मृत्यूंत एक. अंगावरून वारे गेले असे ज्याला आपण म्हणतो तो हा रोग आम्ही शहरातल्या सुखवस्तू म्हाताऱ्यांचा समजत होतो. पक्षाघाताने गेलेल्यांत शंभरातील पंच्याऐंशीहून अधिक माणसे घरीच गेली, म्हणजे याही वेळी रजिस्टराला पत्ता नव्हता. मुले वाचली, माणसे अधिक वर्षे जगू लागली, रक्तदाब वाढला, तंबाखू आणि मीठ चालूच राहिले, आणि गावात रक्तदाब मोजणारे कोणी नव्हते. ज्या यंत्रणेला गरोदर बाई आणि तान्हे मूल पाहावयास शिकविले आहे, तिला दारात बसलेला साठीचा शेतकरी निरोगी दिसतो. त्याला स्वतःलाही तसेच वाटते. रक्तदाब ही वाटणारी गरज नव्हेच. ती वाटू लागते त्या दिवशी अर्धे अंग गेलेले असते.

म्हणजे सिकलसेल डॉक्टरांना दिसला, लोकांना वाटला नाही. स्त्रियांचे रोग त्यांना वाटले, पण डॉक्टरांना दिसले नाहीत. दारू लोकांनी सांगितली, ती वैद्यकात बसली नाही. आणि रक्तदाब कोणालाच दिसला नाही, तो मृत्यू मोजले तेव्हा सापडला. एका जिल्ह्यात चाळीस वर्षे बसून एवढे चार निरनिराळे मासले मिळाले. उरलेल्या जिल्ह्यांत अशी बैठक कोणी मारली आहे?

केंद्र सरकारने आदिवासींच्या आरोग्यासाठी नेमलेल्या तज्ज्ञसमितीचा अहवाल २०१८ साली आला. तिचे अध्यक्ष डॉ. अभय बंगच होते. २०११ च्या गणतीत देशात आदिवासींची संख्या दहा कोटी चाळीस लाखांहून अधिक होती. एवढ्या माणसांच्या आरोग्याचे स्वतंत्र, एकत्र असे आकडे समितीला आयते मिळाले नाहीत. जनगणना, निरनिराळ्या पाहण्या आणि विखुरलेले अभ्यास यांतून ते वेचून काढावे लागले. आपल्या जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकाची प्रत मागितली तर पाहावयास मिळते. तीत आरोग्याच्या शीर्षाखाली इमारती, वाहने आणि औषधे यांच्या रकमा आहेत. गेल्या वर्षी घरी वारलेली माणसे कोण, कोणत्या गावची आणि कशाने गेली, हे घरोघर विचारून येण्यासाठी किती रुपये ठेवले आहेत, ते श्रोत्यांपैकी ज्यांना त्या कचेरीत जाणे-येणे आहे त्यांनी एकदा पाहून यावे, अशी आमची विनंती आहे.